पाठीमागचा वारा आणि अर्धी धावपट्टी: कोझिकोड अपघाताचं प्रकरण, सांबऱ्याच्या नजरेतून

७ ऑगस्ट २०२०, संध्याकाळी ७.४१ च्या सुमारास दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं १३४४ क्रमांकाचं विमान कोझिकोडच्या करिपूर विमानतळावर पावसात उतरलं. ते धावपट्टीवर थांबू शकलं नाही. पूर्वेकडच्या टोकावरून पुढे जाऊन ते सुमारे ११० फूट खाली कोसळलं आणि त्याचे तीन तुकडे झाले. विमान बोइंग ७३७-८०० जातीचं होतं. करोनाकाळात परदेशात अडकलेल्या भारतीयांना परत आणणाऱ्या वंदे भारत मोहिमेतल्या त्या फेरीत १८४ प्रवासी आणि ६ कर्मचारी होते. दोन्ही वैमानिकांसह २१ जण गेले.

त्या वेळच्या बातम्यांमधून बहुतेकांच्या लक्षात राहिलं ते एवढंच: मुसळधार पाऊस, डोंगरावरची धावपट्टी, विमान घसरलं. विमान अपघात तपास विभागाचा अहवाल सप्टेंबर २०२१ मध्ये आला, त्यातली कारणं मात्र वेगळी आहेत. पाऊस त्यात आहे, पण मुख्य कारण म्हणून नाही. विमान कोणत्या टोकाकडून उतरवायचं हा निर्णय घाईत झाला. विमानाचं खाली येणं, म्हणजे उतार, बिघडलेला असूनही तसाच चालू ठेवला गेला. परत वर जाण्याची हाक दिली गेली, पण ती ऐकली गेली नाही.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीच्या वाचकांनी हे प्रकरण बारकाईने वाचावं, याला एक कारण आहे. करिपूरची धावपट्टी १०/२८, बेळगावच्या सांबरा विमानतळाची ०८/२६. धावपट्टीच्या आकड्यापुढे शून्य लावलं की तिची दिशा अंशांत मिळते, म्हणजे दोन्ही धावपट्ट्या जवळजवळ पूर्व-पश्चिम आहेत. पावसाळ्यात दोन्हीकडे वारा पश्चिमेकडून वाहतो. करिपूरला अरबी समुद्रावरून, आपल्याकडे आंबोली-चोर्ल्याच्या बाजूने. त्यामुळे करिपूरला २८ वर उतरणं आणि सांबऱ्याला २६ वर उतरणं म्हणजे वाऱ्याला तोंड देऊन उतरणं. उलट टोकाने, म्हणजे तिथे १० वर किंवा इथे ०८ वर उतरलं की तोच वारा पाठीवर येतो.

पहिला प्रयत्न

विमानाने आधी योग्य बाजूनेच प्रयत्न केला. धावपट्टी २८ वर, उपकरणांच्या आधाराने, वाऱ्याला सामोरं जात ते खाली आलं. पाऊस चालू होता, अंधार पडला होता. कॅप्टनच्या बाजूचा वायपर साधारण २७ सेकंद चालून बंद पडला. ठरलेल्या उंचीपर्यंत धावपट्टी दिसली नाही, म्हणून विमान परत वर नेलं गेलं. इथपर्यंत सगळं नियमाप्रमाणे झालं.

वायपरचा बिघाड वरवर किरकोळ वाटतो. पण काचेवरून पाण्याचा थर वाहत असला की दिवे पसरट दिसतात, जागचे हललेले वाटतात आणि डोळ्यांना उंचीचा व अंतराचा अंदाज चुकीचा मिळतो. रात्रीच्या उतारात शेवटच्या दोनशे फुटांचा अंदाज वैमानिक मुख्यतः काचेबाहेर बघूनच घेतो. म्हणून पाऊस असलेल्या ठिकाणी वायपर चालत नसेल, तर दुसऱ्या विमानतळाचा विचार त्याच क्षणी सुरू व्हायला हवा. जवळपास पर्यायी विमानतळ होते, टाकीत पुरेसं इंधन होतं. तरी दुसरा प्रयत्न करिपूरलाच झाला. त्या वेळी वायपर चालला, पण अहवालाच्या मते निवडलेल्या वेगापेक्षा बहुधा हळू.

टोक बदललं कसं

माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला सर्वात कमी चर्चिला गेलेला भाग हाच आहे. विमान वर फिरत असताना करिपूरहून एक दुसरं विमान उड्डाण करणार होतं. त्याने १० हे टोक मागितलं. नियंत्रकाने त्याला ते दिलं आणि १३४४ ला विचारलं की तुम्हालाही १० चालेल का. कॅप्टनने होकार दिला. तसं पाहिलं तर ही रोजच्या कामातली सोय आहे. पण या होकारामुळे समोरचा वारा पाठीमागे गेला आणि सगळं गणित उलटलं.

उतरण्याची परवानगी देताना विमानतळाच्या नियंत्रण मनोऱ्याने सांगितलेली स्थिती अशी होती: धावपट्टी ओली, दृश्यमानता २००० मीटर, हलका पाऊस, वारा २५० अंशांवरून ८ नॉट (ताशी सुमारे १५ किलोमीटर). १० च्या दिशेने उतरताना या वाऱ्याचा पाठीमागचा भाग सहा-सात नॉट येतो. प्रत्यक्षात विमानाला पाठीमागून मिळालेला वारा १४ नॉट होता, म्हणजे सांगितलेल्याच्या दुप्पट. पावसाळी ढगाखाली वारा मिनिटागणिक बदलतो, आणि मनोऱ्याला दिसतो तो जमिनीवरच्या मापकाचा आकडा. शिवाय मनोऱ्यात बसून हवामान बघणारा अधिकारी त्या वेळी जागेवर नव्हता, हेही अहवालात नोंदलं आहे.

टोक बदललं की चालक-दलाने काय करायचं असतं ते पाहू. प्रथम, नव्या वाऱ्यासाठी उतरायचं अंतर तक्त्यातून पुन्हा काढायचं: विमानाचं वजन, फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेची खाली झुकणारी पाती), ब्रेकची निवड, ओली धावपट्टी, पाठीमागचा वारा, विमानतळाची उंची, तापमान. त्यावर १५ टक्के राखीव धरायचं आणि उपलब्ध लांबीशी ताडून बघायचं. १० नॉट पाठचा वारा लांबीत साधारण एक पंचमांश भर घालतो, हा ढोबळ हिशेब वैमानिकांना तोंडपाठ असतो. दुसरं, फ्लॅप ३० पुरतील की ४० लागतील ते ठरवायचं. तिसरं, कोणत्या खुणेपर्यंत चाकं टेकली नाहीत तर वर जायचं, ते दोघांनी मोठ्याने बोलून ठरवायचं. या विमानात पाठच्या वाऱ्याचं अंतर पुन्हा काढलं गेलं नाही. फ्लॅप ३० वरच राहिले.

शेवटचे पाचशे फूट

सुमारे ५०० फुटांवर कॅप्टनने ऑटोपायलट काढला, पण इंजिनांचा वेग आपोआप सांभाळणारी ऑटो-थ्रॉटल यंत्रणा चालूच राहिली. नाक खाली झुकलं आणि उतरण्याचा वेग मिनिटाला १५०० फुटांवर गेला. या टप्प्यावर तो मिनिटाला ७००-८०० फुटांच्या आसपास असतो, आणि हजारावर गेला की उतार अस्थिर धरतात. अस्थिर उताराचा उपाय एकच आहे, वर जाणं. सहवैमानिकाने उतरण्याच्या वेगाबद्दल दोनदा सूचना दिली.

मग सुधारणा झाली, पण गरजेपेक्षा जास्त. धावपट्टीच्या तोंडावर विमान ५० फुटांवर असायला हवं, ते होतं ९२ फुटांवर. इंजिनांचा जोर वाढवला गेला होता आणि तो वेळेत कमी झाला नाही. जोर आहे, पाठीमागून वारा आहे, म्हणून विमान जमिनीलगत तरंगत राहिलं. या वेगाने प्रत्येक सेकंदाला ८५ मीटर धावपट्टी खर्च होते. पाच सेकंद तरंगलं की सव्वाचारशे मीटर गेले. चाकं टेकण्यासाठी ठरवलेला पहिला ३००० फुटांचा पट्टा संपला, तरी विमान हवेतच होतं. सहवैमानिकाने आधी नुसती हाक मारली, आणि चाकं टेकण्याआधी स्पष्ट म्हटलं: गो-अराउंड, म्हणजे परत वर चला.

चाकं टेकली ती धावपट्टीच्या तोंडापासून ४४३८ फुटांवर. एकूण लांबी ८८५८ फूट, म्हणजे बरोबर निम्मी धावपट्टी संपली होती. जमिनीवरचा वेग १६५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ३०५ किलोमीटर.

आकडे काय सांगतात

इथे थोडं थांबून हिशेब करणं आवश्यक आहे, कारण ‘धावपट्टी छोटी होती’ हे वाक्य अनेकांच्या तोंडी आहे. ४४३८ फूट म्हणजे १३५३ मीटर, उरलेली धावपट्टी १३४७ मीटर. विमान शेवटच्या टोकावरून बाहेर पडलं ते ८४.५ नॉट वेगाने. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. त्यामुळे वेग निम्मा झाला म्हणजे पाऊण ऊर्जा ब्रेकांनी शोषली आणि पाव उरली. त्या पाव ऊर्जेने विमान धावपट्टीच्या टोकापुढच्या सुरक्षा पट्ट्यावरून पुढे गेलं, दिशादर्शक यंत्रणेचे अँटेना आणि कुंपण तोडून खाली गेलं आणि विमानतळाच्या वळसा-रस्त्यावर ४१ नॉट वेगाने आदळलं.

या आकड्यांवरून सरासरी मंदन येतं दर सेकंदाला सुमारे २ मीटर प्रति सेकंद. ओल्या धावपट्टीवर हे वाईट नाही. आता हेच मंदन कायम ठेवून दोन पर्याय तपासू. पहिला: वारा तोच, पण विमान २८ कडून उतरलं असतं, म्हणजे १४ नॉट पाठीऐवजी समोर. जमिनीवरचा वेग १६५ ऐवजी १३७ नॉट झाला असता आणि थांबायला सुमारे १२६० मीटर लागले असते. म्हणजे इतक्या उशिरा, निम्म्या धावपट्टीवर टेकूनही विमान कडेच्या आत थांबलं असतं. दुसरा: वारा पाठीमागेच, पण चाकं पहिल्या ६०० मीटरच्या आत टेकली असती. तेव्हा थांबायला सुमारे १८३० मीटर लागले असते आणि हाती २१०० मीटर होते. म्हणजे दोन्हींतली कोणतीही एकच चूक झाली असती तर विमान वाचलं असतं. दोन्ही एकत्र आल्या म्हणून २७०० मीटरही अपुरे पडले. हा हिशेब ढोबळ आहे, प्रत्यक्षात मंदन वेगाप्रमाणे बदलतं, पण प्रमाण लक्षात येण्यासाठी पुरेसा आहे.

टेकल्यावर कॅप्टनने ऑटोब्रेकवर न थांबता पायाने पूर्ण ब्रेक दाबले. रिव्हर्सर, म्हणजे इंजिनांचा जोर उलट दिशेला वळवून वेग कमी करणारी यंत्रणा, मात्र सलग वापरले गेले नाहीत. टेकल्यानंतर लगेच उघडले, पण त्यांचा परिणाम सुरू होण्याआधीच बंद केले, आणि नंतर पुन्हा उघडले. ओल्या पृष्ठभागावर ब्रेकची पकड कमी असते, तिथे सुरुवातीच्या जास्त वेगात रिव्हर्सरच सर्वात कामी येतात. एक नियमही इथे महत्त्वाचा आहे: चाकं टेकल्यावरही वर जाता येतं, पण एकदा रिव्हर्सर उघडल्यावर जाता येत नाही. त्यानंतर थांबणं हाच एक मार्ग उरतो.

सहवैमानिकाचे हात

अहवालाने संभाव्य कारण दोन भागांत सांगितलं आहे. विमान चालवणाऱ्याने कार्यपद्धती पाळली नाही, अस्थिर उतार चालू ठेवला आणि गो-अराउंडची हाक येऊनही निम्म्या धावपट्टीवर उतरला. आणि देखरेख करणाऱ्याने, म्हणजे सहवैमानिकाने, नियंत्रण हाती घेऊन विमान वर नेलं नाही. व्यवस्थेतल्या त्रुटीही त्यासोबत कारण म्हणून जोडल्या आहेत.

नियम सहवैमानिकाला हा अधिकार देतो. पण दहा हजारांहून जास्त तासांच्या कॅप्टनसमोर सुमारे दोन हजार तासांच्या तरुणाने अंधारात, जमिनीपासून काही फुटांवर, त्याच्या हातातलं सुकाणू ओढून घ्यायचं, ही अपेक्षा कागदावर जितकी सरळ आहे तितकी प्रत्यक्षात नाही. आपल्या समाजात वडीलधाऱ्यांना टोकायची सवय नसते. वैमानिकाच्या केबिनमध्ये ही सवय मुद्दाम, सिम्युलेटरमध्ये पुन्हा पुन्हा सराव करून लावावी लागते. मंगळूरला २२ मे २०१० रोजी अगदी असंच झालं होतं. तीच कंपनी, तसंच विमान, तशीच टेकाडावरची धावपट्टी. तिथे हवा स्वच्छ होती, पाऊस नव्हता. तिथेही सहवैमानिकाने वर जायला सांगितलं होतं, विमान सुमारे ५२०० फुटांवर टेकलं आणि कड्यावरून खाली गेलं. १६६ पैकी १५८ जण गेले, कारण तिथे आग लागली. करिपूरला पंखातल्या टाक्यांतून इंधन गळत होतं, पण आग लागली नाही. जिवंत राहिलेल्यांच्या संख्येतला फरक मुख्यतः यामुळेच आहे.

मंगळूरमध्ये पाऊस नव्हता, ही गोष्ट महत्त्वाची आहे. दोन अपघातांत समान काय होतं ते पाहिलं, तर हवामान नाही. समान होता तो अस्थिर उतार आणि न ऐकलेली हाक.

कॅप्टन हट्टाने का उतरले, याचीही उत्तरं अहवालात आहेत. कोझिकोड तळावर २६ सहवैमानिकांमागे एकच कॅप्टन नेमलेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी १० च्या उड्डाणासाठी हेच कॅप्टन लागणार होते. दुसरीकडे वळले असते तर कामाच्या तासांच्या नियमामुळे ते उड्डाण अडचणीत आलं असतं. वरून कोणी सक्ती केली असेलच असं नाही, पण वेळापत्रकच असं बसवलं असेल तर सक्तीची गरज राहत नाही. शिवाय त्यांनी मधुमेहावर डॉक्टरांनी न लिहिलेली एकापेक्षा जास्त औषधं घेतली होती, आणि रक्तातली साखर किंचित उतरल्याने निर्णयक्षमतेवर परिणाम झाला असण्याची शक्यता अहवालात मांडली आहे. विमान चालवणाऱ्याने असो वा ट्रक चालवणाऱ्याने, मधुमेहाची गोळी वैद्यकीय तपासणीत लपवणं किती महागात पडतं ते इथे दिसतं.

बचावकार्याबद्दल थोडक्यात: वळसा-रस्ता अरुंद होता, आणि विमानाच्या रचनेची माहिती नसल्यामुळे अग्निशमन दलाला आत पोहोचायला अडचण आली. कोंडोट्टी परिसरातले लोक करोनाच्या निर्बंधांच्या काळात, भर पावसात, स्वतःच्या गाड्या घेऊन धावले आणि जखमींना दवाखान्यात पोहोचवलं. मृतांचा आकडा वाढला नाही यात त्यांचा वाटा मोठा आहे.

सांबऱ्याला लावून पाहिलं तर

सांबऱ्याची धावपट्टी कड्यावर नाही, माळावर आहे, त्यामुळे बाहेर गेलेलं विमान दरीत पडेल अशी भीती इथे नाही. पण बाकीचे आकडे गंभीरपणे घ्यायला हवेत. लांबी २३०० मीटर, म्हणजे त्या दिवशी करिपूरला उपलब्ध असलेल्यापेक्षा ४०० मीटर कमी. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे २४९० फूट, करिपूरपेक्षा दोन हजार फुटांहून जास्त. हवा विरळ असल्याने काट्यावर तोच वेग दिसत असताना जमिनीवरचा वेग सुमारे ४ टक्क्यांनी जास्त असतो, उन्हाळ्यात त्याहून जास्त. ४ टक्के वेग म्हणजे ऊर्जेत ८ टक्के वाढ. करिपूरचंच विमान त्याच चुका करून, उंचीचा फरक बाजूला ठेवूनही, सांबऱ्याला १३५३ मीटरवर टेकलं असतं, तर ते कडेवरून सुमारे ११५ नॉट वेगाने बाहेर गेलं असतं.

एटीआरसारखी पंख्यांची विमानं हलकी आणि मंद असतात, त्यांना २३०० मीटर भरपूर होतात. एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ साठी मात्र ओल्या धावपट्टीवर, पाठीमागून वारा असताना, वर सांगितलेला तक्ता प्रत्येक वेळी उघडावाच लागतो. जून ते सप्टेंबर पश्चिम वाऱ्यात ०८ ने उतरवण्याची विनंती कोणी केली, तर नियंत्रक आणि कॅप्टन दोघांनीही क्षणभर थांबून विचारायला हवं: ही सोय कोणाची, आणि ती कोणत्या वाऱ्याच्या आकड्यावर आधारलेली आहे? धुक्यामुळे किंवा भुरभुर पावसामुळे दृश्यमानता कमी झाली की दिशादर्शक सुविधा ज्या टोकाला चांगली त्या टोकाकडे ओढा वाढतो, आणि ते टोक वाऱ्याला सोयीचं असेलच असं नाही. अपघाताची सुरुवात अनेकदा इथून होते.

हुबळीचं उदाहरण तर शेजारचंच आहे. ८ मार्च २०१५ च्या संध्याकाळी बेंगळुरूहून आलेलं क्यू४०० विमान पावसात टेकल्यावर धावपट्टीच्या डाव्या कडेबाहेर गेलं. कोणाला इजा झाली नाही. तिथेही पाऊस, अंधार आणि काचेबाहेर नीट न दिसणं एकत्र आलं होतं.

प्रवाशांच्या बाजूने एक विनंती करावीशी वाटते. बेळगावला येणारं विमान पावसात जमिनीजवळ येऊन परत वर गेलं, किंवा हुबळी, गोव्याला वळलं, की केबिनमध्ये आरडाओरडा होतो, खाली आल्यावर कर्मचाऱ्यांना जाब विचारला जातो, ‘दुसरं विमान उतरलं की’ असं सुनावलं जातं. दुसरं विमान दहा मिनिटांपूर्वी वेगळ्या वाऱ्यात उतरलेलं असतं. वर जायला लागतात ती थोडी मिनिटं आणि थोडं इंधन. त्या वेळी पट्टा घट्ट ठेवावा, आणि वैमानिकाला एकच गोष्ट सोपी करून द्यावी: पुन्हा तसंच वाटलं तर पुन्हा वर जाणं.

करिपूर प्रकरणानंतर मोठ्या रुंद विमानांची तिथली ये-जा थांबवण्यात आली आणि टोकापुढच्या सुरक्षा पट्ट्याची लांबी वाढवण्याचा प्रश्न ऐरणीवर आला. टेकाडावरच्या धावपट्ट्यांच्या टोकाला ठिसूळ काँक्रीटचे ठोकळे बसवता येतात. चाकं त्यात रुतून विमान थांबतं. अमेरिकेत अशा पट्ट्यांनी अनेक विमानं रोखली आहेत. सांबऱ्याला जागा माळाची असल्याने त्या खर्चाआधी दोन स्वस्त कामं करता येतात: दोन्ही टोकांना वेगवेगळे वारामापक ठेवून त्यांचे आकडे स्वतंत्रपणे वैमानिकाला सांगणं, आणि पावसाळा लागण्याआधी धावपट्टीवरचा टायरच्या रबराचा थर पाण्याच्या दाबाने धुऊन काढून घर्षणाची मोजणी करून घेणं.